बुंध्यावर मातीचा थर दिसला की लगेच औषध ओतू नका, आधी खरवडून बघा

पाऊस उघडला, ऑक्टोबरची हीट सरली की परसातल्या आंब्याच्या नाहीतर चिकूच्या बुंध्यावर मातीचे पट्टे चढलेले दिसतात आणि मग घरोघरी एकच धावपळ, अहो झाडाला वाळवी लागली, झाड गेलं, काय मारू सांगा. जरा दम धरा. मोठ्या झाडावरचा हा थर दिसतो तेवढा वाईट नसतो. वाळवीचं अंग मऊ असतं, उन्हात उघडी पडली तर लगेच सुकते, म्हणून ती माती आणि थुंकीचं छप्पर करत करत वर चढते, आणि त्या छपराखाली बहुतेक वेळा सालीचा वरचा मेलेला, खडबडीत भागच खात असते.

तर खुरप्याच्या पाठीनं थर खरवडा, खालच्या सालीला नखानं किंवा चाकूच्या टोकानं हलकेच ओरखडा काढा. आत ओलसर, जिवंत साल लागली तर झाड ठीक आहे, थर झाडून टाका, बुंध्याला पाणी द्या, आठवड्याभरानं परत बघा. साल कोरडी भुसभुशीत होऊन हातात आली, बुंध्यावर काठी मारली की पोकळ वाजतंय, तर मात्र वाळवी आत शिरलीय. ती शिरते कुठून, तर फांदी तोडताना आपण जो ओबडधोबड खुंट ठेवतो ना तिथून, पावसाचं पाणी मुरतं, लाकूड कुजतं, मग वाळवी येते. म्हणून फांदी करवतीनं साफ कापा, खुंट ठेवू नका, आणि कापाला 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा (बुरशी रोखणारा लेप: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडाचं नको).

अजून एक घोळ कायम होतो. पेरूवर, आंब्यावर साल खाणारी अळी असते, तिचीही अशीच तपकिरी जाळी दिसते, पण ती बोटात चोळली की माती होत नाही, विष्ठा आणि भुसा रेशमी धाग्यात गुंफलेला असतो, चिवट लागतो, आणि जवळच फांदीच्या बेचक्यात एक भोक सापडतं. बुंध्यातून लाकडाचा भुसा बाहेर पडत असेल तर ते भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. ह्या दोन्हींचा इलाज वेगळा, भोकात तार घालून अळी काढावी लागते, तिथं वाळवीचं औषध मातीत ओतून काडीचाही उपयोग नाही.

खरी काळजी करायची ती रोपांची. यंदाच पावसाळ्यात लावलेलं कलम, पाणी देऊनही शेंडा मान टाकतोय, हलकं ओढलं तर सरळ उपटून हातात येतं आणि मुळाजवळची साल गोल कुरतडून तिथं माती भरलेली, हे दिसलं की ते रोप सोडून द्या, वाचत नाही. बाजूची रोपं वाचवा. कारण बहुतेक वेळा आपणच केलेलं असतं, खड्ड्यात कच्चं शेणखत घातलं, वाळका पालापाचोळा कोंबला, आधाराला बांबूची काठी रोवली, वाळवीला आयतं जेवण. खड्डा उकरून चांगलं ऊन खाऊ द्या, पूर्ण कुजलेलं खत आणि किलोभर निंबोळी पेंड मातीत मिसळा, आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा, काठी दर महिन्याला हलवून बघा. आणि पाणी तोडू नका, तहानलेलं रोप पहिलं बळी पडतं. कोकणात नारळाची रोपं करणाऱ्यांनी वाफ्यात लावलेल्या नारळांवर नदीची वाळू पसरली तर वाळवीचा त्रास कमी होतो.

औषधाचं म्हणाल तर दुकानात गेलं की क्लोरपायरीफॉस हे रासायनिक कीटकनाशक हातात ठेवतात. चालतं ते, नाही असं नाही, पण परसात विहीर असते, कोंबड्या फिरतात, पोरं मातीत खेळतात, तेव्हा लागण खरंच आत असेल तरच, लेबलवर तुमचं झाड लिहिलंय का ते बघून, लेबलवरच्याच मापानं, बुंध्याभोवतीच्या मातीतच द्या. शंका असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मला विचाराल तर घरगुती झाडांना आधी मेटारायझियम वापरून बघा, पण ती वाळवीला मारणारी जिवंत बुरशी आहे, संध्याकाळी ओल्या मातीत द्या, भर उन्हात कोरड्या जमिनीत टाकली तर पैसे वाया. शिवाय बोर्डो लावलं तिथं ती टाकू नका, मोरचुदातल्या तांब्यानं मरते. जळकं ऑइल, रॉकेल, मीठ असले प्रकार बुंध्यात अजिबात नकोत, वाळवीआधी झाडच जाईल.

कुंपणाशी वारूळ असेल तर वरचा उंचवटा फोडून काही होत नाही, राणी आत खोल बसलेली असते आणि काही दिवसात पुन्हा बांधकाम चालू. झाडांपासून, घरापासून लांब असेल तर राहू दे, मेलेलं लाकूड मातीत मिसळायचं काम वाळवी करतेच. जवळच असेल आणि काढायचंच ठरलं तर हात घालण्याआधी एकदा काठीनं आपटून बघा, जुन्या वारुळात साप असू शकतो.