कॉर्ड मोजो फोनला लावताना हे बघा

मोजो म्हणजे फोनमधला डिजिटल आवाज हेडफोनसाठी ॲनालॉग करून वाढवणारा छोटा डबा (डॅक-ॲम्प). त्याला दोन मायक्रो यूएसबी पोर्ट असतात, एक चार्जिंगचा आणि एक डेटाचा, त्यामुळे आवाजच येत नाहीये असं वाटलं तर आधी केबल नीट पोर्टमध्ये आहे ना ते बघा. अँड्रॉइड असेल तर ओटीजी केबल (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडणारी) लागते, साधी चार्जिंगची चालत नाही.

हेडफोन कानाला लावायच्या आधी व्हॉल्यूम कमी करा, हे प्लीज विसरू नका, कान परत मिळत नाहीत. गोट्यांसारख्या त्या दोन बटणांचा रंग लालसर म्हणजे आवाज कमी, निळा-जांभळ्याकडे गेला की जास्त. ऑन करताना दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकत्र दाबली तर लाइन लेव्हल (ॲम्पला द्यायचा ठरावीक मोठा सिग्नल) चालू होते, थेट ३ व्होल्ट, ती स्टिरिओ ॲम्पसाठी आहे, इयरफोन लावलेले असताना अजिबात नको.

आता खरी मजा, पॉवर बटणाचा रंग सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने येतायत ते) सांगतो, लाल म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, केशरी ४८, हिरवा ९६. सीडी क्वालिटीची, म्हणजे ४४.१ ची फाइल लावलीय आणि केशरी दिसतंय म्हणजे फोनच मधे रीसॅम्पल करतोय, रेट बदलतोय, मग फोनचं हे रीसॅम्पलिंग टाळणारं यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो सारखं ॲप वापरा, लाल झालं की समजायचं फोन आता रेट बदलत नाहीये.