फ्लूची साथ आणि लस कंपन्यांचे शेअर : काय तपासायचे, कसे घ्यायचे, कधी विकायचे

साथीच्या बातम्या सुरू झाल्या की लस कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसा ओतला जातो. यात पैसे जातात ते बहुतेक एकाच कारणाने. भाव लसीच्या आशेवर चढतो आणि लस हातात येईपर्यंत उतरणीला लागलेला असतो. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या तारखा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 11 जून 2009 रोजी महासाथ जाहीर केली. भारतातला पहिला बळी ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात गेला. झायडस कॅडिलाची देशी लस आली जून 2010 मध्ये आणि सिरमची नाकात फवारायची लस जुलैमध्ये. 10 ऑगस्ट 2010 रोजी संघटनेने महासाथ संपल्याचे सांगितले. म्हणजे देशी लस बाजारात आली तेव्हा साथीचे मोजके आठवडेच उरले होते. या शेअरमध्ये उतरायचे असेल तर हे वेळापत्रक डोक्यात पक्के हवे.

आधी घरखर्चाचे पैसे बाजूला

गोव्यात हे जरा जास्त जोर देऊन सांगावे लागते. साथ वाढली की शॅक, हॉटेल, टॅक्सी, लग्नाचे हॉल असे सगळे एकदम थंडावते, आणि नेमक्या त्याच काळात शेअर बाजारही पडतो. जानेवारी 2020 मध्ये 12,400 ला पोचलेला निफ्टी 24 मार्चपर्यंत 7,600 च्या आसपास आला होता. घराची कमाई पर्यटनावर असेल तर निदान वर्षभराचा खर्च बँकेत किंवा मुदत ठेवीत ठेवा आणि त्याला हात लावू नका. उरलेल्या शेअर गुंतवणुकीतला फार तर पाच टक्के भाग साथीच्या शेअरला द्यावा. तुमचे एकूण शेअर पाच लाखांचे असतील तर ही मर्यादा 25,000 रुपये झाली. रक्कम लहान वाटेल, पण हा शेअर सत्तर-ऐंशी टक्के पडू शकतो हे धरूनच ती ठरवायची असते.

कोणती कंपनी खरोखर लस बनवते

देशातल्या सर्वांत मोठ्या लस उत्पादक कंपन्या बाजारात नोंदलेल्याच नाहीत. पुण्याची सिरम इन्स्टिट्यूट खासगी आहे. भारत बायोटेक आणि बायोलॉजिकल ई या हैदराबादच्या कंपन्याही तशाच. पूनावाला फिनकॉर्पचा शेअर मिळतो, पण ती कर्ज देणारी वित्त कंपनी आहे, लसीशी तिचा संबंध नाही. नाव पाहून तो घेणारेही भेटतात. नोंदलेल्यांपैकी लस स्वतः बनवणाऱ्यांत झायडस लाइफसायन्सेस आणि पॅनेशिया बायोटेक ही ठळक नावे.

लस विकणाऱ्या कंपन्यांचा प्रकार वेगळा. सनोफीच्या लशी भारतात पोचवण्याचे काम 2024 पासून डॉ. रेड्डीजकडे आहे. अशा करारात विक्रेत्याला दलालीचा किंवा नफ्याचा छोटा वाटा मिळतो, कारखान्याची कमाई मूळ कंपनीकडे जाते. वेर्ण्यात सिप्ला, ल्युपिन, ॲबट यांचे कारखाने आहेत, कोलवाळला ग्लेनमार्कचा. तिथे औषधे बनतात. आपल्या ओळखीचा कोणी तिथे कामाला आहे म्हणून ती लस कंपनी होत नाही.

उलट, ओळखीचा माणूस असेल तर जास्त जपा. कारखान्यातल्या भाच्याने घरी जेवताना सांगितले, 'आमची चाचणी नापास झाली, अजून बाहेर आलेले नाही', आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी शेअर विकले, तर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग (आतल्या माहितीवर सौदे) नियमांखाली दोघेही अडकता. माहिती जाहीर होईपर्यंत त्या शेअरला हात लावायचा नाही.

उघड माहितीच भरपूर असते. चाचणी खरोखर चालू आहे का, कोणत्या टप्प्यावर आहे, किती माणसांवर आहे हे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत दिसते. औषध महानियंत्रकांच्या तज्ज्ञ समितीची इतिवृत्ते सीडीएससीओ या त्यांच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर येतात. 'समितीने आणखी माहिती मागितली' असे एक वाक्य तिथे असेल तर परवानगी लगेच मिळणार नाही, टीव्हीवर काहीही चालू असो. कंपनीची अधिकृत घोषणा बीएसई आणि एनएसईवर वाचायची. टेलिग्रामवर टिप देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक आधी तपासा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, सल्लागाराचा आयएनए ने. क्रमांक नसेल तर पुढे वाचूच नका.

ऑर्डरची बातमी आली की हे गणित मांडा

आमच्या मते सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि ते पाच मिनिटांचे आहे. डोसची संख्या गुणिले सरकारी दर, आणि ते कंपनीच्या वार्षिक विक्रीच्या किती टक्के.

झायडसच्या झायकोव्ह-डी लसीचे उदाहरण घ्या. ऑगस्ट 2021 मध्ये तिला आपत्कालीन परवानगी मिळाली. डीएनएवर आधारलेली ती माणसांसाठीची जगातली पहिली लस, आणि मथळेही तसेच मोठे होते. केंद्र सरकारने एक कोटी डोस मागवले, दर डोसला 265 रुपये, सुईविना टोचायच्या यंत्राचे 93 रुपये वेगळे. लसीचे झाले 265 कोटी. कंपनीची त्या काळची वर्षाची विक्री सुमारे 15,000 कोटी. म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही, आणि हा विक्रीचा आकडा आहे, नफ्याचा नव्हे. शेअर मात्र परवानगीच्या आधीच, मे 2021 मध्ये, साडेसहाशेच्या वर जाऊन आला होता. जून 2022 मध्ये तो चारशेच्या खाली होता.

कंपनी लहान असेल तर हेच प्रमाण चाळीस-पन्नास टक्के निघते आणि शेअर खरोखर बदलू शकतो. पण तसा फायदा पुढच्या वर्षी टिकेल का, हेही पाहावे लागते. अमेरिकेच्या मॉडर्नाची विक्री 2021 मध्ये 18.5 अब्ज डॉलर होती, 2024 मध्ये ती 3.2 अब्जांवर आली. ऑगस्ट 2021 मध्ये साडेचारशे डॉलरच्या वर गेलेला तिचा शेअर 2024 च्या अखेरीस चाळीसच्या आसपास होता.

उत्पादन कुठे अडकते

फ्लूची बहुतांश लस आजही कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. दहा-अकरा दिवस उबवलेल्या फलित अंड्यात विषाणू टोचतात, दोन-तीन दिवस वाढू देतात, आतला द्रव काढून विषाणू निष्क्रिय करतात आणि शुद्ध करतात. नेहमीच्या एका डोसमध्ये प्रत्येक जातीच्या विषाणूचे 15 मायक्रोग्रॅम प्रथिन लागते. नवा विषाणू सापडल्यापासून पहिले डोस निघेपर्यंत पाच-सहा महिने जातात. 2009 मध्ये स्वाइन फ्लूचा विषाणू अंड्यात नीट वाढेचना, त्यामुळे जगभर पुरवठा लांबला. म्हणून 'दोन महिन्यांत लस' असे कंपनी म्हणाली तर पद्धत कोणती ते शोधा. एमआरएनए (विषाणू न वाढवता प्रयोगशाळेत रेणू बनवायची पद्धत) असेल तर शक्यता आहे, अंडी असतील तर नाही.

त्यात कारखाना बिघडला तर शेअर एका दिवसात कोसळतो. 2004 मध्ये कायरॉन कंपनीच्या लिव्हरपूलच्या कारखान्यात जिवाणू सापडले. ऑक्टोबरमध्ये ब्रिटनने परवाना स्थगित केला आणि अमेरिकेचा त्या हंगामातला जवळजवळ निम्मा पुरवठा बुडाला. 2021 मध्ये बाल्टिमोरला इमर्जंट बायोसोल्युशन्सच्या कारखान्यात दोन वेगवेगळ्या लशींचे घटक मिसळले आणि सुमारे दीड कोटी डोसचा माल वाया गेला. भारतात लसीचा प्रत्येक बॅच कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून सुटावा लागतो. 'उत्पादन सुरू' या बातमीनंतर 'कसौलीहून बॅच सुटला' ही बातमी येईपर्यंत विक्री धरू नका. चाचणीचेही तसेच. जून 2021 मध्ये जर्मनीच्या क्युअरव्हॅकच्या लसीची परिणामकारकता 47 टक्के निघाली आणि शेअर एका फटक्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास पडला.

गिऱ्हाईक एकच, सरकार

सरकार दर ठरवते आणि मागणीही मागे घेते. फ्रान्सने 2009 मध्ये 9 कोटी 40 लाख डोस मागवले आणि जानेवारी 2010 मध्ये त्यांतले 5 कोटी रद्द केले, कारण दोनऐवजी एकच डोस पुरेसा ठरला आणि लोकांनी फारशी टोचूनही घेतली नाही. बर्ड फ्लूच्या लसीसाठी अमेरिकी सरकारने मॉडर्नाला जानेवारी 2025 मध्ये 59 कोटी डॉलर जाहीर केले, मे 2025 मध्ये ते काढूनही घेतले. आपल्याकडे फ्लूची लस सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. म्हणजे साथ ओसरल्यावर खासगी दवाखान्यांतला मर्यादित खपच उरतो.

घोषणा वाचताना तीन गोष्टी शोधा : करार पक्का आहे की नुसता सामंजस्य करार, आगाऊ रक्कम किती, आणि मागणी रद्द झाली तर भरपाई मिळणार का. तिसरीचे उत्तर बहुतेक घोषणांत नसतेच. मग भरपाई नाही असे धरून चला.

खरेदी

डिमॅट आणि ट्रेडिंग खाते नसेल तर पॅन, आधार आणि रद्द केलेला चेक लागतो. नामांकन त्याच वेळी भरा. सीडीएसएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचे खाते असेल तर विक्रीसाठी टीपिन (संमतीचा पिन) लागतो. तो आधीच तयार ठेवा, कारण घाईच्या दिवशी ओटीपी उशिरा येतात.

ठरवलेल्या रकमेचे तीन भाग करा. पहिला भाग साथीच्या बातम्या नुकत्याच सुरू असताना, शेअर अजून फार हललेला नसताना. दुसरा, चाचणीचा ठोस निकाल आल्यावर. तिसरा, पक्की मागणी आली आणि वरचे गणित दहा टक्क्यांच्या वर गेले तरच, नाहीतर तो तसाच ठेवून द्या. महिन्याभरात शेअर दुप्पट झाला असेल तर एकही भाग घेऊ नका. उशीर झाला, सोडून द्या.

कायम लिमिट ऑर्डर टाका, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा महाग खरेदी होत नाही. सकाळी सव्वानऊला मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली तर काल 300 ला असलेला शेअर 330 ला गळ्यात पडतो. लहान कंपनीला बरेचदा पाच टक्क्यांचे सर्किट असते, म्हणजे भाव एका दिवसात त्यापलीकडे हलू शकत नाही. अप्पर सर्किटला खरेदी मिळत नाही, पण खरा धोका खालचा. लोअर सर्किट लागले की विकायला रांग आणि घेणारा कोणी नाही, सलग चार-पाच दिवस. तिथे स्टॉपलॉसही (ठरलेल्या भावाला आपोआप विकणारी ऑर्डर) चालत नाही, कारण सौदाच होत नाही. म्हणून सर्किटच्या शेअरमध्ये रक्कम आणखी निम्मी करा. मार्जिनवर किंवा उधारीवर अजिबात नको.

विक्री खरेदीच्याच दिवशी लिहून ठेवा

भाव दीडपट झाला की निम्मे विकायचे. परवानगीची बातमी आली त्याच आठवड्यात उरलेल्यांतले निम्मे. रुग्णसंख्या सलग तीन-चार आठवडे उतरली की सगळे, लस आलेली असो वा नसो. खालच्या बाजूला पंचवीस टक्के पडला तर बाहेर. 'चवथीपर्यंत वर येईल' अशी वाट पाहत बसू नका. उतरलेल्या भावाला आणखी घेऊन सरासरी कमी करणे चांगल्या, जुन्या धंद्यात ठीक, साथीच्या शेअरमध्ये ती खोल खड्ड्यात घातलेली भर असते.

कर, आणि गोव्याचा खास नियम

वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर 20 टक्के कर, वर्षानंतर विकले तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, दोन्हीवर चार टक्के उपकर. साथीचा शेअर सहसा वर्षाच्या आतच विकावा लागतो, तेव्हा 20 टक्के धरूनच हिशेब करा.

पोर्तुगीज नागरी कायद्याची सामाईक मालमत्ता पद्धत ज्यांना लागू आहे, म्हणजे लग्नाआधी वेगळा करार नोंदवलेला नाही, त्यांचे पगार सोडून इतर सगळे उत्पन्न नवरा-बायकोत निम्मे-निम्मे विभागले जाते. 1961 च्या आयकर कायद्यात हे कलम 5ए. शेअरचा नफाही त्यात येतो, खाते एकाच्याच नावावर असले तरी. 40,000 चा अल्पकालीन नफा झाला तर प्रत्येकाच्या विवरणपत्रात 20,000. पत्नीला दुसरे उत्पन्न नसेल तर तिच्या वाट्याचा नफा मूळ करमुक्त मर्यादेत बसून जातो. पण त्यासाठी विवरणपत्रात शेड्युल 5ए भरावे लागते, जोडीदाराच्या पॅनसह. राज्याबाहेरच्या सीएला हे ठाऊक नसते आणि सगळा नफा एकाच्याच नावावर दाखवला जातो, मग दुरुस्तीचे काम मागे लागते. पणजी, मडगाव, म्हापशाच्या सीएला हे रोजचे आहे.

तोटा झाला असेल तरी विवरणपत्र मुदतीत भरा. मुदत चुकली तर तो तोटा पुढच्या आठ वर्षांच्या नफ्यातून वजा करण्याचा हक्क जातो.

मॉडर्नासारखे परदेशी शेअर घ्यायचे असतील तर निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे पाठवता येतात, दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापते, आणि विवरणपत्रात शेड्युल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरणे सक्तीचे आहे, शेअर एकच असला तरी. घरातला तारवटी बोटीवर असेल आणि अनिवासी ठरत असेल, तर त्याचे जुने साधे डिमॅट खाते चालत नाही. ते एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या बँक) खात्याशी जोडून अनिवासी करून घ्यावे लागते, आणि ते करायची वेळ बोटीवर चढण्याआधीची.