सायलेन्सरचा जाम नट असा सुटला
सायलेन्सरच्या जोडावरचा १३ मिमीचा नट गंजून पार जाम झाला होता. १२ कोनी सॉकेटने (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) जोर लावला तर कडाच घासायला लागल्या. लगेच थांबलो, आणखी ओढलं असतं तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला असता.

उघडे आटे तारेच्या ब्रशने साफ केले, गंज सोडवणारं तेल मारलं, नटाच्या बाजूंवर हातोडीने हलके ठोके दिले. रात्रभर तसंच ठेवलं. पेट्रोलचा पाइप जवळ, म्हणून तापवणं टाळलं.

सकाळी ६ कोनी सॉकेट घट्ट बसवून आधी किंचित आवळलं. 'कट्' आवाज झाला, गंज फुटला! मग पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा तेल. स्टड शाबूत राहिला. नवा नट अँटी-सीझ (आटे पुन्हा जाम होऊ न देणारं वंगण) लावूनच बसवला.