लेबल नसेल तर तो नुसता पाला

"भाऊ, आपल्या खान्देशात डायनासोर सापडतील का?" जीवाश्म शिकायची इच्छा असलेली पोरं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न हाच. आपल्या पायाखाली बसाल्ट आहे, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात जीवाश्म कुठून मिळणार? लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ साचलेला असला तरच काही हाती लागतं, आणि तशा नावाजलेल्या जागा नागपूर-छिंदवाड्याकडे.

मीही असाच पछाडलेला होतो. एफवायला असताना अनेर नदीकाठी एका दगडावर नेच्याची काळीभोर नाजूक पानं दिसली. दगड रुमालात गुंडाळून भूगर्भशास्त्राच्या सरांकडे गेलो. त्यांनी भिंग हातात दिलं. "मधली शीर दाखव." शीर नव्हतीच. दगडाच्या फटीत पाण्याबरोबर मँगनीज झिरपतं आणि अशी फांद्यांची नक्षी उमटते, झाडाचा काही संबंध नाही. तेवढ्यावर निभावलं असतं, पण त्यांनी पुढे विचारलं, "उचललास कुठून?" मला धड जागाही सांगता येईना.

म्हणून सांगतो, आधी जिवंत झाडं शिका. सातपुड्याच्या पायथ्याला अंजन ओळखा, दोन पानं देठाशी जुळलेली, फुलपाखरू बसल्यासारखी. सालई, धावडा, तिवस ओळखा. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पानही तोडू नका. नमुना वर्तमानपत्रात दाबायचा आणि कागद रोज बदलायचे, पावसाळ्यात दिवसातून दोनदा, नाहीतर बुरशी धरते. मी नाल्यात बसून कागद बदलत होतो तेव्हा एका आजीनं विचारलं होतं, "हाऊ पाला कसाले ली जास रे भाऊ?"

लेबल मात्र झाडापाशीच लिहायचं: तारीख, गाव, नाला, झाडाची उंची, फुलाचा रंग. वाळल्यावर रंग उडतो. मी पहिल्या वर्षी सगळी लेबलं रात्री खोलीवर आठवून लिहिली आणि तपासायला दिलेले बारा नमुने परत आले. तेव्हा राग आला होता.

लेबलाची किंमत पुढे रानपिंगळ्यानं शिकवली. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडेना. रिचर्ड माइनर्ट्सहागेन या संग्राहकानं मात्र १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला मिळवल्याचं लेबल लावलेला एक नमुना दाखवला होता. तो निघाला संग्रहालयातून चोरलेला, लेबल खोटं. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, खऱ्या नमुन्यांच्या लेबलांवरची ठिकाणं धरून शोध घेतला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला! आपल्याच दारात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे मिळालेल्या शहामृगाच्या अंड्याच्या कवचांचंही तेच. ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची, एका तुकड्यावर कोरलेली नक्षी आहे. कोणत्या थरातून निघाली हे लिहून ठेवलं होतं म्हणून त्यांना मोल.

शिक्षणाचं थोडक्यात: जीवाश्मशास्त्र बहुतेक ठिकाणी भूगर्भशास्त्रात शिकवतात, त्यामुळे बीएस्सीला तो विषय मिळाला तर सोडू नका. वनस्पतींचे जीवाश्म हवे असतील तर लखनऊची बिरबल साहनी संस्था, उत्खननातली हाडं अभ्यासायची असतील तर पुण्याचं डेक्कन कॉलेज.

आणि रानात पेन्सिल न्या. पेनाची शाई पावसात पसरते, माझ्या एका अख्ख्या जुलैच्या नोंदी तशाच गेल्या.