गच्चीवरून पृथ्वीचा घेर मोजायचा असेल तर

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, 10-11 तारखेला, सोलापुरात सूर्य भरदुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. ऑगस्टच्या सुरुवातीलाही येतो, पण ढगांचा भरवसा नाही. तेव्हा मेच बरा, फक्त चपला काढू नका!

जोडीदार भुसावळचा गाठा. आमची मावशी तिथेच असते, म्हणून माझं सोपं झालं. पुण्याचा चालणार नाही, कारण दोन्ही गावं जवळपास एकाच रेखांशावर हवीत.

पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि तो जमिनीपासून 1 मीटरवर आडवा, सपाट बांधा. भोकातून ओळंबा सोडून खाली फुली मारा. ओळंबा गवंड्याकडून मागून आणा, दोऱ्याला दगड बांधून भागवू नका. काठीच्या सावलीचं टोक पुसट पडतं. इथे मात्र नखाएवढा उजेडाचा ठिपका मिळतो, त्याचा मध्य धरायचा. 12:15 ते 12:30 दर दोन मिनिटांनी खूण करा. दोन्हीकडे मध्यान्ह 12:23 च्या सुमारास होते.

आपला ठिपका फुलीवर येतो. मावशीचा उत्तरेला सुमारे 5.9 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे 3.4 अंश. नकाशावरचं सरळ अंतर 375 किलोमीटर (रेल्वेचं धरू नका). पूर्ण घेर 360 अंशांचा आणि त्यातल्या 3.4 अंशांना 375 किलोमीटर, तेव्हा 360 ला 3.4 ने भागा, 375 ने गुणा: 39,700 किलोमीटर. खरा ध्रुवांवरून जाणारा घेर 40,008.

ध्रुवांकडचा चपटेपणा यात दिसणार नाही. व्यासात फरक जेमतेम 43 किलोमीटरचा. पुठ्ठ्याचं ते काम नव्हे.