अवघड इंग्रजी शब्द पाठ होतात, पण वापरता येत नाहीत? या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या अभ्यासिकांत मुलं मन लावून शब्द पाठ करतात. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एकच मराठी अर्थ. गडबड इथूनच सुरू होते.

'मिटिगेट म्हणजे कमी करणे' एवढंच डोक्यात असलं, की 'मिटिगेट द प्राइस ऑफ ओनियन्स' असं वाक्य तयार होतं. कांद्याचा भाव कमी करायला साधा 'रिड्यूस' चालतो. 'मिटिगेट' येतो तो वाईट परिणामाची झळ कमी करण्यासाठी. अवकाळी पावसाने द्राक्षबागेचं होणारं नुकसान आटोक्यात ठेवायचं असेल, तर 'मिटिगेट द डॅमेज'. 'नोटोरियस'चंही तसंच: तो वाईट कारणासाठी गाजलेल्यालाच लावतात, आवडत्या शिक्षकांना नाही. म्हणून शब्द एकटा उतरवू नका. त्याच्या जोडीने कोणते शब्द येतात ते लिहा, खाली आपल्या नाशिकचं एक वाक्य रचा.

'वाचताना कळतो, बोलताना आठवत नाही' ही तक्रार असेल, तर यादी नुसती वाचत राहणं थांबवा. त्याने शब्द ओळखीचा होतो, तोंडावर येत नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी शब्द लिहा आणि आठवून पाहिल्याशिवाय कार्ड उलटू नका. नवं पाठांतर सुरुवातीलाच सर्वांत वेगाने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. तेव्हा पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा. मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने. अडलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर आणा. रोज पाच-सात शब्द पुरे.

शब्द निवडतानाही घाई होते. भारदस्त वाटणारे, क्वचितच भेटणारे शब्द आधी घेऊ नका. न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये मांडलेल्या शैक्षणिक शब्दांच्या यादीत ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दाच्या रूपांचे गट, आहेत. 'सिग्निफिकंट', 'अ‍ॅनालाइज' यांसारखी. पदवीची पुस्तकं वाचायची असतील किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल, तर मला हीच सुरुवात योग्य वाटते.

'डिस्कस अबाउट' ही चूक मराठीतल्या 'विषयी चर्चा' मुळे तोंडात बसते. 'डिस्कस'नंतर थेट विषय येतो. आणि उच्चार स्पेलिंगवरून ठरवू नका. 'सटल' (subtle) मधला बी मुका आहे. शब्दकोशाच्या अ‍ॅपमधलं स्पीकरचं चिन्ह दाबा, ऐका, आणि मगच कार्ड लिहा.