आवडत्या पुस्तक-पिक्चरची जुनी वही उघडताना

पहिली स्टेप म्हणजे वही उघडू नका. मी 2003 पासून दर 31 डिसेंबरला त्या वर्षी आवडलेली दहा पुस्तकं आणि दहा पिक्चर लिहून ठेवतो, आधी डायरीत, मग काही वर्षं कम्प्युटरवर, मग परत वहीत, कारण तो कम्प्युटर एका मे महिन्यात बसला (नागपूरच्या मे मध्ये माणूस बसतो तिथं हार्डडिस्कचं काय घेऊन बसलात) आणि तीन वर्षांच्या याद्या सोबत घेऊन गेला. तर तुमच्याकडेही अशी वही असेल आणि दिवाळीच्या आवराआवरीत हाती लागली असेल, तर आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यात काय असेल ते आठवेल तसं लिहून काढा. मगच वही उघडा अन् दोन्ही शेजारी ठेवा.

मी 2005 चं असं केलं तर दहातली चार जुळली. कागदावर मी ऐटीत 'रणांगण' लिहिलं होतं, विश्राम बेडेकरांचं, 1939 चं. वहीत पत्ताच नाही! कॉलेजपासून माझं आवडतं म्हणून मी किती लोकांना सांगितलं असेल, आणि ते मी नंतर कधीतरी वाचलेलं. हे कागदाशिवाय कळलंच नसतं, वही बघितली की डोकं लगेच म्हणतं हो हो, आठवतंय ना सगळं.

मग पेन्सिलीनं खुणा करा. नीट आठवतं त्याला बरोबरची खूण, फक्त नावच आठवतं त्याला गोल, आणि 'हे मी लिहिलं?' असं ज्याला वाटेल त्याला प्रश्नचिन्ह. पेनानं खाडाखोड अजिबात नको. मी एकदा लाजेखातर 2006 चे दोन पिक्चर गिरमिटून टाकले होते, आता खिडकीशी पान धरून खाली काय होतं ते वाचायचा प्रयत्न करून राहिलो. नवीन काही लिहायचं तर बाजूला, वेगळ्या शाईनं, तारीख टाकून.

भाव मारायला लिहिलेली नावं ओळखणं सोपं आहे. त्यांच्यापुढे 'अप्रतिम', 'विलक्षण' असले शब्द असतात. खरं आवडलेल्यापुढे काहीतरी फालतू लिहिलेलं असतं, माझ्या एका नोंदीत 'पान 112 वर तर्री सांडली, लायब्ररीत बोलणी खाल्ली' एवढंच आहे, आणि ते पुस्तक मला आजही पोह्यांच्या वासासकट आठवतं.

आता पुन्हा वाचायचं काय? सगळं नाही बापा, वीस वर्षांची चारशे नावं होतात, कुठं पुरे पडणार. वर्षाला तीन पुरे, आणि त्यात एक तरी असं घ्या ज्यात तेव्हा तुम्ही कुणाची तरी बाजू घेतली होती. मी 'वाडा चिरेबंदी' घेतलं. महेश एलकुंचवारांचं नाटक, 1985 चं, आपल्याच विदर्भातल्या एका गावातला देशपांड्यांचा वाडा, वडील गेलेत, तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावरून घरात धुसफूस, आणि अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. 2004 च्या वहीत मी लिहून ठेवलंय, 'सुधीर बरोबर आहे, निघायलाच पाहिजे तिथून.' सुधीर म्हणजे मुंबईला गेलेला भाऊ. तेव्हा मलाही नागपूर सोडायचं होतं ना. गेलो नाही ते सोडा. यंदा वाचलं तर मी पूर्ण वेळ भास्करकडून, म्हणजे मागं राहिलेल्या थोरल्याकडून भांडत होतो, आणि त्याचं सगळंच काही बरोबर नाही हे दिसत असूनही. आमच्या घराच्या मागं बाबांची स्कूटर सात वर्षं तशीच उभी आहे, विकायचं कुणी नाव काढत नाही, त्यामुळे तो ट्रॅक्टर या वेळी जरा जास्तच लागला. ही दोन्ही वाक्यं आता त्या पानावर एकाखाली एक आहेत.

पिक्चर मात्र एकट्यानं परत बघू नका, ज्यानं बघितला नाही अशा कुणालातरी पकडून बसवा. मी भाच्याला 'सिंहासन' दाखवला, 1979 चा, जब्बार पटेलांचा. पहिली वीस मिनिटं पोट्टा मोबाइलमध्ये, ब्लॅक अँड व्हाइट आहे काऊन म्हणे. मी कुणाचा कोण ते समजावत होतो तर म्हणाला मामा गप्प बसा, कळतंय मला. शेवटी निळू फुल्यांचा पत्रकार वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा मोबाइल पालथा पडला होता. त्यातलं 'उषःकाल होता होता' हे गाणं सुरेश भटांचं आहे, आपल्या रेशीमबागेतलं सभागृह ज्यांच्या नावाचं आहे ते, हे सांगितल्यावर म्हणाला तिथं तर आमचं गॅदरिंग झालं. मला तेव्हा राजकारण आवडलं होतं, या वेळी मी त्या पत्रकाराचे थकलेले डोळेच बघत बसलो.

नाही आवडलं तर? तीस पानं किंवा अर्धा तास द्या आणि सोडून द्या, पण यादीतून काढू नका. त्या वर्षी आवडलं होतं, विषय संपला.

शेवटची अडचण म्हणजे अर्धवट नोंदी. माझ्या 2009 मध्ये सहाव्या नंबरवर फक्त 'निळ्या कव्हरचं, बसमधलं' असं आहे. अशा वेळी त्या वर्षीची आधीची-नंतरची नावं बघा, तेव्हा कुठं राहत होतात, कुणाकडून पुस्तकं आणत होतात ते आठवा आणि सरळ त्यांना विचारा. मी दोन मित्रांना विचारलं, काही नाही. मग बायकोला सहज म्हटलं तर ती आतून पुस्तक घेऊन आली. लग्नाआधी तिनंच दिलं होतं वाचायला, आणि तिच्या म्हणण्यानुसार मी ते चाळीसाव्या पानावर खूण ठेवून परत केलं होतं. खूण अजून तिथंच आहे, बसचं तिकीट.